वजनमापेवाले साहेब

मागच्या वर्षी होळी झाल्यावर जो पहिला रविवार आला, त्या सकाळी माझं वजन सत्त्याण्णव किलो भरलं. हजर होते ते असे: मी, माझी बायको, गंगापूरहून आलेली माझी धाकटी बहीण आणि आमचे घरमालक. जागा उस्मानपुऱ्यातला त्यांच्याच घराचा ओटा. काटा माझा, आदल्या संध्याकाळी विकत आणलेला. हे एवढं नीट सांगतो, कारण पुढं कित्येक महिने ह्या आकड्याखेरीज दुसरा आकडा मला कुणी बघू दिला नाही.

बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा ती एसटीनं शहरात यायची, डायलिसिसच्या मशीनला चार तास लागायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. माझं रक्त तिच्याशी जुळत होतं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या होत्या. अडलं होतं फक्त माझ्या वजनाशी. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्हाला पुढं एका किडनीवर जगायचंय. ह्या अंगावर मी शस्त्रक्रिया करणार नाही. पंच्याऐंशीच्या आत या. उपाशी राहून नको, घाईनं नको. चाला आणि नीट जेवा."

घरमालकांनी काट्यावरचा आकडा वाकून पाहिला. मग मला खाली उतरायला लावून काटा उलटा केला, त्याचे चारी पाय बोटानं हलवून पाहिले आणि विचारलं, "रोज चढणार का ह्याच्यावर?"

"रोज सकाळ-संध्याकाळ," मी म्हणालो. मी वाळूजच्या एका कंपनीत हिशेब बघतो. आकडा दिसल्याशिवाय मला कामच सुचत नाही.

"मुनीम, पोत्यालाबी दिवसातनं दोनदा कुणी तोलत नाय," ते म्हणाले आणि काटा घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा काटा मांजरपाटात गुंडाळलेला, सुतळीनं आवळलेला होता आणि गाठीवर लाखेचं सील होतं. लाख अजून गरम होती. "जप्त," ते म्हणाले. बहीण इतकी हसली की तिला धाप लागली.

हे आमचे साहेब. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी आठवडी बाजारातले तराजू तपासण्यात घालवली. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना वजनमापेवाले साहेब असंच म्हणत. भाजी घ्यायला गेले की आधी काटा बघायचे, मग भाजी. काटा पटला नाही तर भाजी कितीही ताजी असो, पुढं जायचे. भाजीवालेही त्यांना ओळखून होते. ते लांबून दिसले की एकजण मोठ्यानं म्हणायचा, "चला, काटे पुसा रे, मालक आले!" साहेबांना ते आवडायचं. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र काटा नव्हता. का नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्यानं जन्मभर भटारखाने तपासले, तो हाटेलात जेवतो व्हय?"

आता ते इथं राहत नाहीत, मुलीकडं नाशिकला असतात. वरची खोली बंद आहे. भाडं मी अजून त्याच तारखेला भरतो.

माझं चालणं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यांना काही वजन उतरवायचं नव्हतं, ते काडीसारखे होते. पण सकाळी सहाला दारात उभे. पहिल्या दिवशी मी झपाझप निघालो. क्रांती चौकाच्या अलीकडंच मला घाम फुटला. मागून साहेब सावकाश येत होते.

"एकोणतीसचा पाढा येतो का?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"म्हण."

मी सुरू केला. एकोणतीस चोक गाठेपर्यंत दम तुटला.

"मंग हा वेग जादा हाय. पाढा तुटला नाय पायजे. पण ऐक, पाढ्याला चाल लावून गाता यायला लागला, तर वेग कमी पडला. बोलता यावं, गाता येऊ नये. हा बरोबर काटा."

तेव्हापासून आम्ही रोज पाढे म्हणत चाललो. माझे तिसापर्यंत संपले की ते त्यांचे काढायचे. त्यांना पावकी, निमकी, दीडकी, साडेतिनाची औटकी, असे अपूर्णांकांचे सगळे जुने पाढे येत होते. सकाळी फिरणारी मंडळी आमच्याकडं वळून बघायची. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी तर माझ्या बायकोला विचारलं, तुमचे मिस्टर कसल्या परीक्षेला बसलेत का. बायको म्हणाली, "हो, तोंडी आहे."

जेवणाच्या बाबतीत मला वाटलं होतं की ते उकडलेल्या भाज्या नि काकड्या सांगतील. त्यांनी जेवणातलं काहीच बदललं नाही. तीच भाकरी, तेच वरण, तीच शेंगदाण्याची चटणी. एके संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि मला जेवताना बघत राहिले. माणूस जेवताना असं कुणी टक लावून बसलं की घास उतरत नाही. माझं जेवण झाल्यावर म्हणाले, "तू जेवत नाय, गाड्या खाली करतोस. आडत बाजारात बघितलंय का? पहिली गाडी खाली झाल्याबिगर दुसरी फाटकातनं आत घेत नायत. तुझ्या तोंडात एक, हातात एक, अन् डोळं तिसरीवर."

मग बायकोकडं वळून म्हणाले, "सूनबाई, आजपासनं ह्याला वाढायचं नाय."

बायकोच्या हातात पळी तशीच राहिली. "म्हंजे?"

"त्याला पायजे तर त्यानं उठावं, घ्यावं. भांडी ओट्यावरच ऱ्हाऊ द्या. उठाया जीव येत नसंल, तर भूक नव्हती म्हणायचं."

"अन् मी काय करू? बघत बसू?"

"तुम्हीबी बसा. जेवा."

"भाकरी गरम कोण देणार मग?"

"गार द्या. गार भाकरी जास्त चावावी लागते."

बायको दोन दिवस घुश्शात होती. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि ताटात आग्रहानं घालणं ही तिची रीत. ती मोडायला बाहेरचा माणूस आला, हे तिला लागलं. तिसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या करून ठेवल्या आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्ही असे कधी बसलो नव्हतो. जेवताना ती तिच्या भावाच्या शेतातल्या विहिरीबद्दल बोलत होती. बोलणं संपलं तेव्हा माझ्या ताटात अर्धी भाकरी उरली होती आणि मला ती नको होती. मी ती ठेवून दिली. तिनं एकदा भाकरीकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं.

साहेबांचा एक प्रश्न असायचा. कंपनीत कुणाचा वाढदिवस असला की केक, समोसे यायचे, ते मी संध्याकाळी त्यांना सांगायचो. त्यावर ते विचारायचे, "घरी नव्हतं म्हणून घेतलं, का बाजारात गेलास म्हणून घेतलं?" पहिले काही आठवडे माझं उत्तर नेहमी दुसरंच असायचं: भूक नव्हती, समोर आलं म्हणून घेतलं. ते रागवायचे नाहीत. "असू दे. निदान कळलं तरी," एवढंच म्हणायचे. नंतर नंतर समोसा हातात घेतला की मला तो प्रश्न आधीच ऐकू यायचा, आणि कधी मी समोसा ठेवायचो, कधी खायचो. खाल्ला तर सावकाश खायचो. त्यात बटाट्यापेक्षा मैदाच जास्त असतो, हे मला पन्नाशीत समजलं.

खरा विरोध झाला तो आईकडून. आई पाचोडला आमच्या जुन्या घरी एकटी राहते. दिवाळीच्या आधी ती आली, माझे सैल झालेले कपडे तिनं पाहिले आणि थेट जिना चढून साहेबांच्या दारात गेली.

"साहेब, ज्याच्या अंगातलं काढायचं, त्यालाच वाळवायलात व्हय तुम्ही? लेकीला द्यायचं म्हंजे पोराच्या अंगात काय पायजे का नको?"

"मावशी, वाळलेला नाय त्यो. बारदाना कमी केलाय, म्हंजे नुसतं पोतं. माल तेवढाच हाय."

"मला नका शिकवू बारदाना," आई म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून डिंकाचे लाडू करायला बसली. डबा भरून माझ्या कपाटात ठेवला. लेकीचा जीव वाचवायला लेकाला तूप चारायचं, हा तिचा हिशेब होता आणि त्यात तिला कुठंच चूक दिसत नव्हती. मी साहेबांना डबा दाखवला. मला वाटलं, तोही जप्त होणार. त्यांनी एक लाडू घेतला, तिथंच उभ्यानं अगदी बारीक बारीक तोडून संपवला आणि म्हणाले, "झकास झालाय. तिच्यासमोर बसून एक खा रोज. लपवून खाशील तर चार खाशील."

रोज समोर बसून खाल्लेल्या त्या एका लाडवानं आईचा विरोध संपला.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी बोलावलं. त्या दिवशी बहिणीचं डायलिसिसही तिथंच होतं, त्यामुळं सकाळीच आम्ही सगळे पोहोचलो. साहेब सोबत होतेच. वजन करायची खोली जिन्याखाली होती. खांबाला आकडा दाखवणारा मोठा काटा भिंतीलगत होता. मी बूट काढून चढलो. आठ महिन्यांनी मी आकडा बघत होतो. चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.

बायकोनं माझा दंड धरला. नर्स लिहायला लागली.

"एक मिनिट, ताई," साहेब म्हणाले. ते खाली वाकले. खिशातून बसचं तिकीट काढलं आणि काट्याचा पाट आणि भिंत यांच्या मधून सारून पाहिलं. तिकीट जाईना. "पाट भिंतीला टेकलाय. पुसताना सरकला असंल. थोडं वजन भिंतच उचलायली."

"काका, काही होत नाही त्यानं," नर्स म्हणाली.

"होतं. पाचोडच्या बाजारात कापसाला असंच करायचे. काट्याला मागनं एक पोतं टेकवून ठेवायचे. दिसायचं साधं." त्यांनी काटा दोन्ही हातांनी ओढून खोलीच्या मधोमध आणला. "चढ, मुनीम."

शहाऐंशी पूर्णांक तीन.

नर्सनं लिहिलेला आकडा खोडला. मग ती म्हणाली, "काका, तुम्ही ह्यांच्याबरोबर आलात का ह्यांच्या विरोधात आलात?"

डॉक्टरांनी खरा आकडा लिहून घेतला आणि दोन महिन्यांनी या म्हणाले. दोन महिने म्हणजे बहिणीच्या किती एसटीच्या खेपा, किती वेळा हातात सुया, ते मी मनात मोजत होतो. मी साहेबांकडं बघितलंसुद्धा नाही. बायको मात्र बोलली. "साहेब, दीड किलोच होतं. पोरगी मरणाच्या दारात आहे."

साहेब म्हणाले, "चला, तिला सांगू."

"मी सांगतो नंतर."

"नाय. दाखवलं मी, तर सांगणार मी."

डायलिसिसच्या खोलीत बहीण पलंगावर होती, हाताला नळ्या. साहेब तिच्या उशाशी उभे राहिले. "तुझ्या दादाचं वजन जादा निघालं. आधी कमी दिसत होतं. काटा चुकीचा होता, तो मी सरळ केला. दोन महिने पुढं गेलं. शिव्या द्यायच्या तर मला दे."

बहीण म्हणाली, "साहेब, खोट्या काट्यावर त्याला टेबलावर घेतलं असतं अन् त्याला काय झालं असतं, तर वहिनीला मी कोणत्या तोंडानं भेटले असते?" बायको खाली बघत होती. "आता आलाच आहात तर बसा. मशीन सुटायला तीन तास हायेत. ते औटकी का काय म्हणता ना तुम्ही, ते म्हणा."

साहेब स्टुलावर बसले आणि हळू आवाजात औटकी म्हणू लागले. शेजारच्या पलंगावरचे आजोबाही त्यात सामील झाले. त्यांना साहेबांपेक्षा चांगली येत होती.

मी मात्र घरी येऊन ठरवलं, आता पंधरा दिवस फक्त ताक. रात्रीचं ताट मी सरकवलं, तोच दारात साहेब. बायकोनं त्यांना बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. ते चौकटीला टेकून उभे राहिले.

"जेव."

"भूक नाही."

"राग हाय. भुकेचं मी बघतो तुझ्या. उपाशी ऱ्हाऊन जे जातं ना, ते आठ दिवसांत यार-दोस्त घेऊन परत येतं. जेव, मी उभा हाय." मी जेवेपर्यंत ते उभे होते. त्यांचे पाय दुखत असणार, पण बसा म्हटलं तर बसले नाहीत.

थंडी पडल्यावर बहिणीच्या घरी, गंगापूरला, हुरड्याला बोलावणं आलं. मला जायचं नव्हतं. हुरडा म्हणजे खाण्याचा कहर. आगटीतून भाजलेली कणसं निघतात, कुणीतरी चोळून चोळून दाणे ताटात टाकत राहतं, सोबत चटणी, दही, गूळ, आणि खाणारा बोलता बोलता किती खातो ते त्यालाच कळत नाही. साहेब म्हणाले, जाऊ.

शेतात गोवऱ्यांची आगटी पेटली होती. बहीण सवयीनं कणसं घेऊन बसली आणि माझ्यासाठी चोळायला लागली. साहेबांनी तिच्या हातातलं कणीस काढून माझ्या हातात दिलं. "त्याचं त्याला चोळू दे. जेवढं चोळंल तेवढं खाईल."

गरम कणीस हातावर चोळायला जमावं लागतं. तळवे भाजतात, कूस उडते, फुंकर मारावी लागते आणि एवढं करून मूठभर हिरवे दाणे मिळतात. मी मूठ तोंडात टाकली. इतकी वर्षं हुरडा खाल्ला होता, पण दाण्यातलं दूध गोड लागतं आणि मागून किंचित धुरकट चव येते, हे मी त्या दिवशी नीट ओळखलं. चौथ्या कणसाला माझे हात दमले आणि पोटही म्हणालं, बास.

बहीण बघत होती. तिला यातलं थोडंच चालत होतं. पाणीही दिवसाला ठरलेलं, एक छोटी बाटली. तिनं बाटली उघडली, एक घोट घेतला आणि बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं, रुसली. मग घोट गिळून म्हणाली, "दादा, एक घोट तोंडात किती वेळ ठेवता येतो, माहितीय का तुला? आधी थंड लागतो, मग कोमट होतो. मग गोड होतो. घाई केली तर हे कायबी कळत नाय. मी तुला वर्षभर आधीच शिकवलं असतं. साहेबांचं भाडं वाचलं असतं."

"भाडं मी देतो त्यांना, ते मला देत नाहीत," मी म्हणालो.

"तेच म्हणते. उलटं पायजे होतं. तपासायला तू फुकट मिळालास त्यांना."

साहेब तिच्याकडं बघत होते. त्यांनी हातातला हुरडा खाली ठेवला आणि त्या दुपारी पुन्हा काही उपदेश केला नाही.

संक्रांतीनंतर वजन झालं. काटा खोलीच्या मधोमध ठेवलेला होता, नर्सनंच ओढून घेतला होता. "काका येणार म्हटल्यावर," ती म्हणाली. त्र्याऐंशी पूर्णांक नऊ. साहेबांनी वाकून चारी बाजूंनी बघितलं आणि मान हलवली. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. मला पाच दिवसांनी सोडलं, बहिणीला बऱ्याच दिवसांनी. घरी जायच्या आदल्या दिवशी तिनं तांब्याभर पाणी मागवलं आणि सगळ्यांसमोर एका दमात पिऊन टाकलं. साहेब म्हणाले, "आज माफ."

वैशाखात, बहिणीला चारचौघांत जायची परवानगी मिळाल्यावर, आईनं आम्हाला पाचोडला बोलावलं. तिनं कुणाला न सांगता मारुतीला नवस बोलला होता: दोन्ही लेकरं टेबलावरून उठली, तर लेकाच्या भारंभार गूळ वाटीन. देवळासमोरच्या लिंबाला कापसाची जुनी मोठी तागडी टांगली होती. एका पारड्यात मी मांडी घालून बसलो. दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. साहेब अर्थातच तागडीजवळ. त्यांनी एकदा तोलून झाल्यावर मला उतरवलं, पारडी बदलली, मी गुळाच्या जागी, गूळ माझ्या जागी, आणि पुन्हा तोललं.

"अहो साहेब, देवाच्या दारात तरी इस्वास ठेवा!" आई म्हणाली.

"देवावर हायेच, मावशी. तागडीवर नाय."

शेवटी दांडी सरळ झाली. लोक नारळ फोडायला निघाले.

"थांबा," साहेब म्हणाले. "मावशी, नवस कवा बोलला होता?"

"ऑपरेशनच्या आधी. का?"

"मंग तुम्ही पुऱ्या लेकाचा बोलला. हा पुरा बसला नाय पारड्यात." त्यांनी बहिणीकडं बोट केलं. ती तोंडाला मास्क लावून सावलीत उभी होती. "बाकीचा तिथं उभा हाय. मी डॉक्टरला इचारून आलोय. दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं."

किराणा दुकानातून छोटा काटा मागवला गेला. साहेबांनी तो टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी मोकळा आहे ना ते पाहिलं, ढेपेचा तुकडा फोडला, तोलला, थोडा खरवडून कमी केला आणि बहिणीच्या तळहातावर ठेवला. "हा तुझ्या वाटणीचा."

बहीण पुढं आली. तिनं तो तुकडा अलगद गुळाच्या पारड्यात ठेवला. पारडं किंचित खाली गेलं. आईनं पदर तोंडाला लावला. तागडी कुणी सरळ केली नाही. साहेबांनीही नाही.

त्या दिवशी मारुतीच्या नावानं गावाला दिला गेलेला गूळ असा: आईकडून ब्याऐंशी किलो आठशे ग्रॅम. बहिणीकडून दीडशे ग्रॅम.